शिंग, कर्जरोखे आणि पंचवीस आठवडे

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकणाऱ्या कुणालाही विचारा, संस्थेच्या नावातला 'जे' कशाचा? उत्तर येईल, जिजाबाईंचा. ते बरोबरच आहे. १९९७ पासून ही संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. त्याआधीची एकशे दहा वर्षं मात्र हा 'जे' ज्युबिलीचा होता. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने मुंबईत 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' निघाली. आधी भायखळ्याला, मग १९२३ पासून माटुंग्याला. नाव बदललं, आद्याक्षरं तीच राहिली. बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं तेही याच वर्षी आणि याच निमित्ताने.

ज्युबिली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रोषणाई येते, मांडव येतो, स्मरणिका येते, आणि जुन्या पिढीला चित्रपटगृहाबाहेरचा 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड आठवतो. पंचवीस झाली की सिल्व्हर, पन्नास झाली की गोल्डन. आनंद साजरा करण्याचा शब्द एवढीच त्याची आपल्याला ओळख. पण या शब्दाचा जन्म आनंदातून झालेला नाही. तो झाला कर्जातून, गहाण पडलेल्या जमिनीतून आणि वेठीला जुंपलेल्या माणसांतून. आनंद आला तो या सगळ्यातून सुटका झाल्यावर. ही सुटका शब्दाच्या पोटात होती तोवर तो फार मोठा शब्द होता. पुढे ती पुन्हा पुन्हा गळून पडली, आणि दर वेळी कुणीतरी ती शोधून परत त्यात घातली. या प्रकरणात सांगायचं आहे ते हेच.

हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचं शिंग. मराठी बायबलमध्ये 'योबेल वर्ष' हा शब्द तसाच ठेवला आहे. जुन्या करारातल्या लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे नियम येतात. सात वर्षांचा एक गट, असे सात गट मोजायचे. एकोणपन्नास वर्षं होतात. मग पन्नासावं वर्ष पवित्र मानायचं. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी देशभर शिंग फुंकायचं, आणि ते ऐकल्यावर तीन गोष्टी घडायच्या. कर्जापायी ज्याने स्वतःला दुसऱ्याच्या घरी राबायला विकलं, तो मुलाबाळांसकट मोकळा व्हायचा. ज्याची जमीन हातची गेली, त्याच्या घराण्याकडे ती परत यायची. आणि त्या वर्षी कुणी पेरायचं नाही, कापायचं नाही. शेत आपोआप जे देईल ते खायचं.

यातला जमिनीचा नियम जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो लिहिणाऱ्याला व्यवहार पक्का कळत होता. जमीन देवाची आहे, माणसं तिच्यावर नुसती वस्तीला आलेली आहेत, म्हणून तिची कायमची विक्री होऊच शकत नाही, असं तिथे बजावलेलं आहे. मग विकायची ती काय? पुढच्या योबेल वर्षापर्यंतची पिकं. योबेल वर्ष तीस वर्षांवर असेल तर घेणाऱ्याने तीस वर्षांच्या पिकांचा हिशेब करून पैसे मोजायचे. पाचच वर्षांवर असेल तर किंमत त्या मानाने उतरायची. म्हणजे कागदोपत्री विक्री, पण खरा प्रकार मुदतीच्या खंडाचा. योबेल वर्षी जमीन परत जाते तेव्हा घेणाऱ्याचं काही बुडत नाही. त्याने मोजलेल्या पैशांचं पीक तो खाऊन बसलेला असतो. दया आणि हिशेब यांची सांगड इतकी नेटकी घातलेली फार थोड्या कायद्यांत दिसते.

नियमांना मर्यादाही होत्या, आणि त्या लपवण्याचं कारण नाही. तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर सोडवून घ्यायला एकच वर्ष. त्यानंतर ते घेणाऱ्याचं कायमचं. परदेशी गुलामांना तर ही सुटका लागूच नव्हती. त्यांना वारसाहक्काने मुलांकडे देण्याची मुभा त्याच अध्यायात आहे. शिंगाचा आवाज सगळ्यांसाठी नव्हता.

हे वर्ष प्रत्यक्षात कितपत पाळलं गेलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळी कुळं आपापल्या जमिनीवर नांदत असतील तेव्हाच योबेल लागू होतो, आणि इस्रायलची काही कुळं परागंदा झाल्यापासून तो थांबला, अशी रब्बींची परंपरा सांगते. पण ज्या दिवशी हे शिंग फुंकायचं, तो दिवस आजही पाळला जातो. तो योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. आणि इथे हा शब्द आपल्या कोकणात येऊन पोहोचतो. अलिबाग, पेण, रेवदंडा भागात शतकानुशतकं राहिलेल्या, तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलांनी योम किप्पूरला अगदी घरगुती नाव दिलं होतं: दारफाळणीचा सण. फाळणी म्हणजे लावून घेणं. त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा, बाहेरच्यांशी व्यवहार करायचा नाही. सिनेगॉगमधला तो लांबलेला दिवस आजही शिंगाच्या दीर्घ आवाजाने संपतो. सुटकेची मूळ घोषणा ज्या दिवशी व्हायची, त्याला मराठीत स्वतःचं नाव आहे, ही गोष्ट ज्युबिलीबद्दल लिहिणाऱ्या मराठी माणसाने सांगायलाच हवी.

कर्ज पुसून टाकण्याची कल्पना मात्र एकट्या हिब्रूंची नव्हती. त्यांच्या पूर्वेला, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात, ती कितीतरी जुनी होती. लगाश शहराचा राजा एनमेतेना याने इसवी सनापूर्वी सुमारे २४०० मध्ये कर्जापायी बांधलेल्या लोकांना सोडलं. त्या सुटकेला सुमेरी भाषेत शब्द होता 'अमार्गी', म्हणजे आईकडे परतणं. कर्जात पहिली जातात ती मुलं आणि बायका, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनीच हा शब्द घडवला असणार. पुढे बाबिलोनचे राजे गादीवर आले की असे हुकूम काढत. हम्मुराबीचा खापरपणतू अम्मीसादुका याचा हुकूम मातीच्या पाट्यांवर बराचसा शिल्लक आहे. त्याने धान्याची आणि चांदीची खाजगी कर्जं रद्द केली, व्यापारी भांडवल वगळलं, आणि सावकाराच्या लबाडीसाठी खास कलम घातलं: दिलेलं कर्ज कागदावर विक्री किंवा ठेव म्हणून दाखवलं असेल, तरी ते कर्जच धरायचं. हे कलम लक्षात ठेवा; पुढे पुणे जिल्ह्यात त्याची गाठ पडणार आहे.

राजे हे धर्म म्हणून करत, तसंच गरज म्हणूनही. शेतकरी सावकाराच्या घरी राबू लागला की राजाला सारा मिळत नाही आणि लढायला शिपाईही मिळत नाही. पण तो कधी हुकूम काढील हे राजाच्या मनावर होतं. लेवीय ग्रंथाने ती गोष्ट राजाच्या हातातून काढून पंचांगात घातली. वर्ष आलं की सुटका, मग गादीवर कुणीही असो. मला तरी हा माणसाच्या कायद्यांच्या इतिहासातला फार मोठा टप्पा वाटतो.

योबेलची ज्युबिली झाली ती लॅटिन भाषेत. इसवी सन ४०० च्या सुमारास जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा ग्रीकमधून आलेल्या हिब्रू शब्दाला त्याच्याशी काही नातं नसलेला एक लॅटिन शब्द येऊन चिकटला: 'युबिलारे', म्हणजे हाळी घालणं, आनंदाने आरोळी ठोकणं. हा रानातला, कष्टकऱ्यांचा शब्द. जेरोमचाच समकालीन संत ऑगस्टीन याने तो मोठ्या जिव्हाळ्याने उलगडला आहे. कापणीला किंवा द्राक्षमळ्यात राबणारी माणसं आधी शब्दांचं गाणं म्हणतात. मग मन इतकं भरून येतं की शब्द अपुरे पडतात आणि नुसता सूर उरतो. तो सूर म्हणजे 'युबिलुस'. आपल्याकडे कापणीच्या वेळी भलरी म्हणतात, तिच्या पालुपदाला कोशातला अर्थ विचारू नये. हातातल्या विळ्याची लय तीच त्याचा अर्थ. असा हा दोन वंशांचा शब्द झाला. हिब्रूकडून शिंग आणि सुटका, लॅटिनकडून हाळी आणि हर्ष. युरोपने पुढे त्यातली हाळी तेवढी उचलली.

रोममध्ये तर सुटकेचा अर्थच पालटला. २२ फेब्रुवारी १३०० ला पोप बोनिफेस आठवे यांनी फर्मान काढलं की या शतकारंभाच्या वर्षी रोमला येऊन जो ठरावीक दिवस पीटर आणि पॉल यांच्या देवळांत जाईल, पश्चात्ताप करून पाप कबूल करील, त्याला पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफी. सावकाराच्या वहीतलं कर्ज बाजूला राहिलं, आत्म्याचं कर्ज माफ होऊ लागलं. यात्रेकरूंचा असा लोट आला की टायबर नदीवरच्या पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग वेगळी करावी लागली. दान्तेने आपल्या नरकवर्णनात त्या गर्दीचा दाखला दिला आहे. बोनिफेस यांच्या मनात हे वर्ष शंभर वर्षांनी एकदा यावं असं होतं. एवढा काळ थांबायची कुणाची तयारी नव्हती. १३४३ मध्ये अंतर पन्नासावर आलं, मग येशूच्या आयुष्याच्या हिशेबाने तेहेतीसवर, आणि १४७० मध्ये पंचवीसवर, म्हणजे प्रत्येक पिढीला आयुष्यात एकदा तरी ते लाभावं. आपण ज्या पंचवीस वर्षांचा रौप्यमहोत्सव करतो, तो आकडा ज्युबिलीला इथून चिकटला.

राजांनी हा शब्द घेतला तो त्यानंतर बराच उशिरा. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची ज्युबिली २५ ऑक्टोबर १८०९ ला झाली, आणि ती त्याने पन्नासाव्या वर्षात पाऊल टाकलं म्हणून. पन्नास पुरी व्हायला अजून वर्ष होतं. त्या ज्युबिलीत जुन्या अर्थाचा एक धागा शिल्लक होता. किरकोळ कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना वर्गणी काढून सोडवण्यात आलं, सैन्यातून पळालेल्यांना माफी मिळाली. पुढच्या ज्युबिल्यांत हा धागा बारीक होत गेला आणि मिरवणूक मोठी होत गेली.

तोवर अटलांटिकच्या पलीकडे या शब्दाला पुन्हा त्याचं मूळ बळ मिळालं होतं. फिलाडेल्फियातल्या प्रसिद्ध घंटेवर लेवीय ग्रंथाच्या त्याच अध्यायातलं स्वातंत्र्याच्या घोषणेचं वाक्य कोरलेलं आहे. घंटा १७५१ मध्ये मागवली गेली ती पेनसिल्व्हेनियाच्या १७०१ च्या सनदेला पन्नास वर्षं झाली म्हणून, म्हणजे हिशेबाने ती योबेलचीच घंटा. पण ज्याची जमीन त्याला परत, हे त्याच ओळीचं पुढचं कलम घंटेवर आलं नाही. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी ती आपली खूण मानली आणि 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ केलं. मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी तर ज्युबिलीचा खरा अर्थ मनात जपून ठेवला होता. ज्युबिलीचं वर्ष म्हणजे मालकाच्या तावडीतून सुटण्याचं वर्ष. १ जानेवारी १८६३ ला लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात आली तो दिवस त्यांच्यासाठी ज्युबिलीचा दिवस. टेक्ससमध्ये ती बातमी सैन्यासह १९ जून १८६५ ला पोहोचली. तो दिवस 'ज्युबिली डे' म्हणूनही साजरा होऊ लागला आणि २०२१ पासून 'जूनटीन्थ' या नावाने ती राष्ट्रीय सुट्टी आहे.

नॅशव्हिलमध्ये मुक्त गुलामांसाठी १८६६ साली निघालेलं फिस्क विद्यापीठ पाचच वर्षांत पैशांअभावी बंद पडायच्या बेतात आलं. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी १८७१ मध्ये विद्यार्थ्यांचं एक गायकपथक घेऊन दौरा काढला. नऊ जणांपैकी बहुतेक जण स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. पथकाचं नाव ठेवलं 'फिस्क ज्युबिली सिंगर्स', थेट लेवीय ग्रंथावरून. गुलामवस्तीतली भक्तिगीतं त्यांनी जगाच्या मंचावर नेली, त्या पैशातून विद्यापीठाची 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली, आणि १८७३ मध्ये ते खुद्द व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. तिच्या स्वतःच्या ज्युबिलीला अजून चौदा वर्षं होती. त्या दिवशी या शब्दाचा खरा अर्थ गाणाऱ्यांकडे होता.

ज्या अमेरिकन यादवी युद्धाने ही माणसं मुक्त केली, त्याच युद्धाने दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्यात कर्जाचा फास आवळला. हा संबंध आपल्या शाळेच्या पुस्तकांत दोन वेगळ्या धड्यांत विभागला जातो, म्हणून तो सहसा लक्षात येत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईमार्गे इथला कापूस निघाला, भाव कडाडले, मुंबईत शेअरांचा बाजार पेटला आणि गावोगावी सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं. अमेरिकेत ज्युबिली झाली. इथे कापसाचा भाव कोसळला, मुंबईचा शेअरबाजार बुडाला. दोन वर्षांनी सरकारने पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी केली आणि तो चढवला. उधारी आटली, तगादा मात्र चालू राहिला. अंगठा उठवून घेतलेल्या कागदांवर मूळ रकमेपेक्षा व्याज जास्त झालं आणि सावकार जप्ती घेऊन दारात आला.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं घेरली. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. या उठावाची एक गोष्ट चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगालाही नोंदवावी लागली: माणसांना मारण्याकडे जमावाचा कल नव्हता. त्यांना हवे होते कर्जरोखे, गहाणखतं, वह्या. ते मागायचे, दिले तर जाळायचे आणि निघून जायचे. शिंग कुणी फुंकलं नव्हतं, लेवीय ग्रंथ त्यांच्या कानावरही आलेला नसणार. पण त्या कागदांच्या जाळात योबेल वर्षाचंच कलम पेटलं होतं. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकणं बंद झालं, आणि दस्तात काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. विक्रीच्या कागदाआड कर्ज दडलं आहे का, हे पाहायला अम्मीसादुकाने सांगितलं होतं, त्याला तेव्हा साडेतीन हजार वर्षं होत आली होती. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी काम पाहिलं.

आणि मग सरकारी ज्युबिल्या आल्या. १८८७ च्या सुवर्णज्युबिलीत हजारो कैदी सोडले गेले, संस्था निघाल्या, पुतळे उभे राहिले. १८९७ ची ज्युबिली साठ वर्षांची. इंग्रजीत हिऱ्याचा मान तोवर पंचाहत्तरीला असे. राणीसाठी तो साठीवर आणला गेला. २२ जून ही तारीख ठरली. महाराष्ट्रासाठी ते साल कसलं होतं? आदल्या पावसाळ्याने दगा दिल्याने दुष्काळ, आणि पुण्यात प्लेग. प्लेगचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी वॉल्टर रँड याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरांत घुसत होते, देवघरापासून माजघरापर्यंत झडती घेत होते, सामान रस्त्यात आणून जाळत होते, संशयावरून माणसांना छावणीत नेत होते. त्याच जूनच्या मध्याला पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला आणि त्याच्या 'केसरी'तल्या वृत्तांतावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. एका महिन्यात दोन उत्सव: एक लोकांचा, एक सरकारचा. लोकांच्या उत्सवाला अठरा महिन्यांची सक्तमजुरी मिळाली.

सरकारी उत्सवाची रात्र गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसवर होती. आज ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मेजवानी आणि आतषबाजी आटोपून गाड्या परत निघाल्या. 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक आली आणि दामोदर चापेकरांनी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. पाठच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट दामोदरपंतांचे भाऊ बाळकृष्ण यांच्या गोळीने जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात बाळकृष्ण, तिसरे भाऊ वासुदेव आणि त्यांचे सोबती महादेव रानडे यांना. महाराष्ट्राच्या आठवणीत हीरक ज्युबिली उरली आहे ती या तारखेने. १९७९ मध्ये नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी चित्रपट काढला तेव्हा त्यांना नाव शोधावं लागलं नाही. '२२ जून १८९७' एवढं पुरेसं होतं. ज्या शब्दाने माणसाला त्याच्या घरी परत पाठवायचं, त्या शब्दाच्या नावाखाली माणसं घरातून ओढून काढली जात असताना दारूकाम उडवलं गेलं. या शब्दाच्या तीन हजार वर्षांत त्याचा याहून मोठा अपमान मला दिसत नाही.

साम्राज्याकडून हा शब्द लोकांनी परत घेतला तो तिकिटाच्या रांगेत. चित्रपटधंद्याने वर्षांची जागा आठवड्यांना दिली. एका चित्रपटगृहात पंचवीस आठवडे म्हणजे सिल्व्हर ज्युबिली, पन्नास म्हणजे गोल्डन. या मोजणीत मराठी मातीतला वाटा ठळक आहे. प्रभातच्या 'अमृतमंथन'ने १९३४ मध्ये हिंदी चित्रपटांना रौप्यमहोत्सव दाखवला, आणि १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रलला सलग ५७ आठवडे चालला. कलकत्त्याच्या रॉक्सीत १९४३ चा 'किस्मत' तीन वर्षांवर चालला, तर साठच्या दशकात राजेंद्रकुमारचे चित्रपट एकामागून एक पंचवीस आठवडे ओलांडू लागले तसा तो 'ज्युबिलीकुमार' झाला. दादा कोंडक्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. पंचविसावा आठवडा गाठण्यासाठी वितरक कधी कधी एकच मॅटिनी खेळ तगवून धरत. तेवढी त्या आकड्याची किंमत होती. या ज्युबिलीत कुणाचं कर्ज माफ झालं नाही, पण तिचं पान हलत होतं ते सर्वसाधारण माणसाने खिशातून काढलेल्या पैशावर, आणि ती कुणाच्या हुकमाने होत नव्हती. मल्टिप्लेक्स आली, शंभर पडद्यांवर एकदम चित्रपट लागून तीन आठवड्यांत उतरू लागला, तशी ही मोजणी संपली. नाटकवाल्यांनी मात्र आपली प्रयोगांची मोजणी सोडलेली नाही. शतकमहोत्सवी प्रयोगाच्या जाहिरातीत आजही तोच उत्साह असतो.

मराठीने ज्युबिलीसाठी 'महोत्सव' हा शब्द घेतला आणि त्याला धातू, रत्नं जोडली: पंचविसाला रौप्य, पन्नासाला सुवर्ण, साठीला हीरक. पंचाहत्तरीला मात्र तिने खनिज सोडून अमृत निवडलं, आणि ही निवड मला सुंदर वाटते. आपल्याकडे माणसाच्या आयुष्याची मोजणी वेगळ्या रीतीने आधीपासून होतीच. साठ संवत्सरांचं चक्र पुरं झालं, जन्माचं संवत्सर फिरून आलं की षष्ट्यब्दी. एक्याऐंशीच्या सुमाराला सहस्रचंद्रदर्शन. संस्थांचे वाद होतात ते वेगळ्या कारणाने: महोत्सव पन्नासावं वर्ष लागल्यावर करायचा की संपल्यावर? तिसऱ्या जॉर्जने लागल्यावर केला, व्हिक्टोरियाने संपल्यावर. पहिला वाद तर खुद्द योबेल वर्षाचाच आहे. पन्नासावं वर्ष पुढच्या चक्राचं पहिलं वर्ष धरायचं की वेगळं, यावर तालमूदमधल्या रब्बींमध्ये मतभेद आहेत. म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीत यावरून आवाज चढले तर कुणी संकोचू नये. माझं मत विचाराल तर वर्षभराच्या कार्यक्रमाला 'सुवर्णमहोत्सवी वर्ष' म्हणावं आणि शेवटच्या दिवसाला 'पूर्ती'.

विसाव्या शतकाच्या अखेरीला ज्युबिलीत पुन्हा कर्ज आलं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात शिकवलेल्या मार्टिन डेंट यांना सुचलं की इसवी सन २००० हे ज्युबिली वर्ष आहे, तर गरीब देशांवरची न फिटणारी कर्जं त्या वर्षी पुसून टाकावीत. 'ज्युबिली २०००' ही चळवळ त्यातून उभी राहिली. १६ मे १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये आठ बड्या देशांचे प्रमुख जमले असताना सुमारे सत्तर हजार माणसांनी शहराभोवती हातात हात गुंफून साखळी केली. पुढच्या वर्षांत तीसहून अधिक देशांची मोठी कर्जं माफ झाली. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठीही पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत देशांकडे हीच मागणी केली होती.

आपल्याकडे ही मागणी ज्युबिलीच्या नावाने होत नाही. ती होते 'सातबारा कोरा करा' या तीन शब्दांत. उताऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असतो, तो उतरवणं म्हणजे सातबारा कोरा होणं. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची अशा दोन कर्जमाफ्या महाराष्ट्राने अलीकडे पाहिल्या, आणि दोन्ही वेळी तोच आक्षेप आला: माफीची चटक लागली की परतफेडीची सवय मोडते, बँका हात आखडतात. हा आक्षेप खोटा नाही आणि तो नवाही नाही. ज्यूंच्या कायद्यात पन्नासाव्याच्या जोडीला दर सातव्या वर्षी कर्जंही माफ होत. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला हात आखडून देऊ नका, असा इशारा अनुवाद या ग्रंथात आहे. म्हणजे लोक तसं करत होते. इसवी सनाच्या उंबरठ्यावर जेरुसलेममध्ये हिल्लेल नावाच्या मोठ्या धर्मशास्त्र्याने पाहिलं की त्या भीतीने गरिबाला कर्जच मिळेनासं झालं आहे. त्याने 'प्रोझबूल' नावाचा दस्त आणला. धनकोने आपलं येणं न्यायालयाच्या हवाली केल्याचं त्यात लिहायचं. माफी खाजगी कर्जाला होती, न्यायालयाकडच्या येण्याला नव्हती. त्यामुळे सातवं वर्ष उलटलं तरी वसुली शाबूत राहिली. गरिबाला पुन्हा कर्ज मिळू लागलं, आणि प्रोझबूल लिहिलेल्या कर्जापुरती सातव्या वर्षाची माफी संपली.